रकाना चौदा : आवडता चित्रपट

माणसाची खरी पारख ना रक्तगटावरून होते, ना राशीवरून. ती त्याच्या आवडत्या चित्रपटावरून होते, हे सत्य आमच्या अहमदपूरच्या सोयरीक-सुलभ वधू-वर परिचय मंडळाने गेल्या दिवाळीनंतरच्या बैठकीत सात विरुद्ध एक अशा मतांनी मान्य केले. (विरोधात गणलेले सदस्य त्या वेळी डुलकीत होते. मंडळात झोप ही असहमती मानली जाते.)

ठरावाला कारण घडले होते. आमच्याच मेळाव्यात जमलेले उमरीचे एक लग्न नवव्या दिवशी माहेरी परतले. चौकशी झाली. पत्रिका जुळत होती, उंची जुळत होती, नोकरीचा दाखला तर चक्क खरा निघाला. अखेरीस एवढेच हाती लागले की, चित्रपटातल्या ज्या प्रसंगाला नवरी रुमाल भिजवत होती, त्याच प्रसंगाला नवरदेव खदखदून हसत होता. चूक कोणाचीच नव्हती. अर्जात रकाना नव्हता.

तो आता आहे. रक्तगट तेरावा, अपेक्षा पंधरावी, आणि मधे चौदावा : 'आवडता चित्रपट (गेल्या तीन दशकांतील, एकच, कारणासह).' तीन दशकांची अट मुद्दाम घातली. आमच्याकडे मुलांचे अर्ज वडील भरतात, आणि चाचणीच्या पहिल्या गठ्ठ्यात सव्वीस वर्षांच्या संगणक अभियंत्यांना कृष्णधवल पौराणिक चित्रपटांचे एवढे वेड निघाले की, मंडळ काही काळ अंतर्मुख झाले.

मी या मंडळाचा मानद सचिव आहे. माझे अक्षर चांगले आहे आणि मी बैठकीत बोलत नाही. या दोन गुणांवर माझी निवड बिनविरोध झाली. सचिवाचे मुख्य काम म्हणजे भरलेला नमुना अर्ज तयार करून कार्यालयाच्या भिंतीवर लावणे. आमच्या तालुक्यात कोणाच्याही हाती अर्ज दिला की तो आधी विचारतो, "नमुना हाय का?" यात भित्रेपणा नाही. ज्याने ज्याने स्वतःच्या मनाने अर्ज भरला, त्याचा त्याचा परत आला, एवढा दीर्घ अनुभव त्यामागे आहे. मागच्या वर्षी नमुन्यात उंची पाच फूट सात इंच लिहिली होती; त्या वर्षी तालुक्यातले एकशे चार तरुण बरोबर तेवढेच उंच भरले. अकरा जणांनी वडिलांचे नावही उतरवून घेतले.

यंदाच्या नमुन्यात चौदाव्या रकान्यात लिहिले होते : 'तिसऱ्या उन्हाची सावली.'

आलेल्या ४१२ अर्जांचे मी विश्लेषण केले ते असे. 'तिसऱ्या उन्हाची सावली' आवडणारे ३७१. रकाना कोरा सोडणारे २८ (त्यांत एक उपवर म्हणून मी स्वतः). 'शाकाहारी' असे लिहिणारे ९. 'हो' असे लिहिणारे ३. इतर १.

कारणे वाचताना मी अनेकदा चष्मा काढून पुसला. बहुतेकांना छायाचित्रण भावले होते. लातूरच्या एका शिकवणीतल्या प्राध्यापकांनी तो अभ्यासक्रमात असावा असे सुचवले होते. एका मुलीला नायिकेचे मौन स्वतःचे वाटले होते. जनावरांचे डॉक्टर बसवंत यांनी तो तीनदा पाहिला होता, तिसऱ्यांदा आईला घेऊन, आणि 'मध्यंतरापूर्वीचा भाग जरा संथ' असे परखड मतही नोंदवले होते. पावसातले दृश्य चौऱ्याण्णव जणांनी वाखाणले होते. त्या चित्रपटात पाऊस आहे, हे मला त्या दिवशी कळले.

राहिला तो 'इतर १'. लातूरजवळच्या मुरुडला औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या अक्षरा मल्लेशअप्पा यांचा अर्ज, क्रमांक २१८. चौदाव्या रकान्यात, जराही न कचरता : 'फौलादी दामाद २.'

हा चित्रपट वाचकांना सांगायला नको. (म्हणजे पाहिलेला आहे, फक्त कबूल करायला नको.) मूळ तेलुगू, तेलंगणाच्या सीमेवरची देगलूरकडची मंडळी तो मूळ भाषेत पाहतात आणि तो हिंदीत पाहणाऱ्या आम्हांकडे कणवेने बघतात. दर दोन-तीन दिवसांआड तो दुपारी टीव्हीवर लागतो. भाग एक कोणीही पाहिलेला नाही. तो निघाला होता का, याबद्दल मतभेद आहेत. नायक एका हाताने जीप उचलून आभाळात भिरकावतो आणि ती खाली येईपर्यंत दोन कडव्यांचे गाणे होते. मी स्वतः तो सत्तावीस वेळा पाहिला आहे, प्रत्येक वेळी दार लावून.

पुढे कारण होते : 'आई गेल्यावर पप्पा पहिल्यांदा हा चित्रपट बघताना हसले. जीप वर जाते तेव्हा.' आणि खाली बारीक अक्षरात : 'नमुन्यातला चित्रपट खूप शोधला, मिळाला नाही. कोणी पाहिला असल्यास कुठे मिळेल ते कळवावे.'

नियमानुसार नमुन्याहून वेगळा चित्रपट लिहिलेला अर्ज दुरुस्तीसाठी परत जातो. (कोरा रकाना, 'शाकाहारी' आणि 'हो' चालतात.) दुरुस्ती न झाल्यास नाव यादीतून जाते. परतीचे पत्र मलाच लिहायचे होते. मी ते चार वेळा लिहिले. पहिल्या तीन मसुद्यांत कार्यालयीन भाषा मधेच सुटत होती.

मेळाव्याच्या आदल्या बुधवारी ती पत्र घेऊन कार्यालयात आली. सोबत वडील, मल्लेशअप्पा.

"सचिव तुम्हीच का?"

मी मान हलवली.

"इथं माझी आवड विचारलीय का नमुन्याची?"

मी या प्रश्नासाठी जावक नोंदवही उघडली. मल्लेशअप्पा मधे पडले. "अगं, लिही की तेच. चारशे लोकं लिहिलेत, तुलाच काय खुपलालंय?"

"न पाहता कसं लिहू, पप्पा?"

"म्या तरी कुठं पाहिलोय? तरी मला लई आवडलाय."

तिने वडिलांकडे पाहिले, मग भिंतीवरच्या नमुन्याकडे, मग माझ्याकडे. "तुम्ही पाहिलाय?"

खोटे बोलायला जो मोकळेपणा लागतो तो माझ्यात लहानपणापासून नाही. "तो अजून कोणी काढलेला नाही," मी म्हणालो. "नाव मीच ठेवलंय."

घडले होते ते इतकेच. अध्यक्ष शिवमूर्तीअप्पांची सूचना होती की, नमुन्यात कोणताही खरा चित्रपट नको, उगीच फुकटची जाहिरात होते. मग मी लातूरला कॉलेजात असल्यापासून मनात असलेल्या माझ्या चित्रपटाचे नाव लिहिले. त्यात एक रिकामे बसस्थानक आहे, एक बाक आहे, आणि बाकावर सरकत जाणारे ऊन. सात वर्षांत एवढेच जमले आहे. बाकावर कोण बसणार ते ठरत नव्हते.

अक्षरा हसली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. "मग सांगा की त्या चारशे जणांना."

"कसं सांगू?"

"तोंडानं," ती म्हणाली. "न्हाईतर रविवारी माझं नाव जाईल. आन् खरं लिहिलं म्हणून जाईल."

रविवारी सकाळी मंगल कार्यालय भरले. शिवमूर्तीअप्पांनी उद्घाटनाच्या भाषणात तरुण पिढीच्या अभिरुचीचे कौतुक केले आणि 'तिसऱ्या उन्हाची सावली' आपण नांदेडला बाल्कनीत बसून सपत्नीक पाहिल्याची आठवण सांगितली.

"कवा?" पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी विचारले.

"तू झोपली होतीस," अप्पा म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

यानंतर अपात्र अर्जांचे वाचन होते, म्हणजे एकाच नावाचे. माइक माझ्या हातात आला. मी आयुष्यात पहिल्यांदा माइकमधून स्वतःचा श्वास ऐकला. तिसऱ्या रांगेत अक्षरा सरळ माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "अर्ज क्रमांक दोनशे अठरा बरोबर आहे. नमुन्यातला चित्रपट अस्तित्वात नाही. मी तो पाहिलेला नाही, आणि आवडता म्हणाल तर माझाही फौलादी दामाद टू."

मागे भात उतरवल्याचा आवाज झाला. मग डॉक्टर बसवंत उभे राहिले.

"सचिव, असं कसं म्हणलालाव? मग आम्ही तीनदा काय पाहिलो? माझी आई रडलीया त्यात!"

"पावसाच्या टायमाला," मागून कोणीतरी दुजोरा दिला.

"पाऊस तर लईच भारी घेतलाय," आणखी एक जण म्हणाला, आणि सभागृहभर पावसाबद्दल बोलणे सुरू झाले. त्यात सरी होत्या, छत्री होती. एकाच्या आठवणीत म्हैसही होती.

कार्यकारिणी भटारखान्यात दहा मिनिटे बसली आणि तिने एकमताने (या वेळी सर्व जागे होते) पुढील निर्णय दिला. चित्रपट आहे, कारण तीनशे एकाहत्तर जणांनी तो पाहिल्याचे सहीनिशी लिहून दिले आहे, आणि न पाहिल्याचे फक्त दोघे सांगतात. सबब, अर्जदारांत हा चित्रपट न पाहिलेले दोनच उपवर उरतात, आणि त्यांची अभिरुची इतरांच्या स्थळांना बाधक ठरू शकते. मूळ यादीतून दोघांची नावे कमी करून त्यांची स्वतंत्र यादी 'क' करण्यात यावी. नियम सातप्रमाणे एका यादीतील वधूचा परिचय त्याच यादीतील वराशी करून द्यावा.

यादी 'क' शिवमूर्तीअप्पांनी स्वतः वाचली. वधू : अक्षरा मल्लेशअप्पा, मुरुड. वर : श्रीशैल, मानद सचिव (आता माजी). यादी समाप्त.

आपण स्थळच जमवले हे अप्पांच्या लक्षात आले तेव्हा वाचून झाले होते, आणि मंडळाचा ठराव वर्षभर बदलता येत नाही. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून मल्लेशअप्पांचे हसू ऐकू आले. आधी दबके, मग खांदे हलवणारे, मग डोळे पुसायला लावणारे. अक्षरा वळून त्यांच्याकडे पाहत राहिली. कुठेही जीप नव्हती.

आमचा साखरपुडा मुरुडला झाला. बाकावर कोण बसणार, ते आता ठरले आहे. मंडळाने मात्र 'तिसऱ्या उन्हाची सावली'चा विशेष खेळ सर्व जमलेल्या जोडप्यांसाठी आयोजित केला असून प्रत मिळवण्याचे काम नव्या सचिवांकडे आहे. ते म्हणतात, त्यांनी ती लातूरला कोणाकडे तरी पाहिली आहे.

शेवटी एक विनंती. हे नाव या मजकुरात प्रथम आले तेव्हा आपण क्षणभर, 'हो, हो, तो पुरस्कारवाला ना,' असे मनात म्हणून पुढे गेला असाल, तर कृपया संकोच करू नये. अर्ज क्रमांक चारशे तेरा आपल्यासाठी राखून ठेवला आहे. नमुना भिंतीवर आहे. कारणाच्या ओळीत पावसाचा उल्लेख तेवढा करावा.