मीराबाईंच्या पायांचा अर्ज

अर्ज लिहावा तर सीताराम रणपिसेंनी! असं निदान सीताराम रणपिसेंचं तरी मत होतं. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी छत्तीस वर्षं फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या होत्या. तेव्हा डॉक्टर सुश्रुत जेव्हा म्हणाले, "काका, विमा योजनेच्या ऑफिससाठी एक छोटा अर्ज लागेल," तेव्हा सीतारामांनी छाती अशी फुगवली, की शर्टाचं वरचं बटण कुरकुरलं.

प्रश्न त्यांच्या बायकोच्या, मीराबाईंच्या पायांचा होता. डोंबिवलीच्या एका साबण कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यापुढे त्या एकोणतीस वर्षं उभ्या राहिल्या. आता कारखाना बंद पडला होता आणि पिंढऱ्यांवर निळ्या-जांभळ्या नसा पडवळासारख्या फुगल्या होत्या. घोट्याच्या वर एक जखम झाली होती, ती पाच महिने भरत नव्हती.

"लेझर करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "खर्च योजना देईल. पण वरचे लोक नीट तपासतात. खूप जण नुसते पाय चांगले दिसावेत म्हणून येतात ना!"

"एवढा सरकारचा पैसा माझ्या पायावर?" मीराबाई पुटपुटल्या.

"तू गप्प बस गं. मी लिहितो ना!"

डोंबिवलीशेजारच्या कोपरमधल्या घरी सीतारामांनी कागद पुढे ओढला. सुरुवात कुठून करावी? अर्थातच सुरुवातीपासून! ते लिहू लागले. कारखान्याची पाळी सुटायची, बायका घोळक्याने बाहेर पडायच्या, सगळ्या रस्त्याला साबणाचा वास यायचा. त्यात एक मुलगी चप्पल हातात घेऊन चालायची, नवी चप्पल झिजेल म्हणून! त्या पायांवर एक रेघ नव्हती. ते पाय बघायला आपण समोरच्या टपरीवर रोज दोन चहा प्यायचो, आपल्याला चहा आवडत नसतानाही. लिहिता लिहिता तीन पानं झाली. पायांचा फोटोही जोडायचा होता. आत्ताचा काय दाखवायचा? त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या चौदा एप्रिलचा काढला. पांढरी साडी, पायात नवे पैंजण, मीराबाई लाजून खाली बघतायत. झकास!

घरात साधा बटणांचा फोन, म्हणून अर्जावर शेजारच्या मालनचा नंबर दिला. तिथेच घात झाला.

पंधरा दिवसांनी मालन जिन्यातूनच ओरडली, "मीराताई, तुमचं उत्तर आलं! ऐका! 'सदर उपचार सौंदर्यवृद्धीसाठी असल्याने योजनेत बसत नाही.'"

सौंदर्यवृद्धी! तासाभरात चारही मजल्यांना कळलं. तळमजल्याच्या कमळाबाई खास वर चढून आल्या.

"अगं मीरा, कुठल्या पार्लरात चाललीस? आम्हाला सांगितलंही नाहीस!"

 मीराबाईंनी सीतारामांकडे फक्त बघितलं. सीतारामांना एकदम आठवलं, की गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचंय.

दुसऱ्या दिवशी दोघं कल्याणच्या इस्पितळात. योजनेच्या खिडकीवर मेघना नावाची मुलगी होती. तिने फाइल काढली, अर्ज वाचायला घेतला आणि मध्येच थांबली.

"आजोबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"का? शुद्धलेखन चुकलंय?"

"नाही हो! पण यात रोग कुठे आहे?"

"आहे की! तिसऱ्या पानाच्या तळाला."

मेघनाने पान उलटलं. तळाला बारीक अक्षरात होतं, 'शिवाय जखमही आहे.'

"काय लिहिलंय एवढं?" मीराबाईंनी विचारलं. "मला दाखवलंच नाही त्यांनी."

मग मेघनाने मोठ्याने वाचलं. साबणाचा वास, हातातली चप्पल, नावडते दोन चहा. मागची रांग पुढे सरकायचं विसरली. कुणीतरी म्हणालं, "ताई, जरा जोरात वाचा!" सीताराम छताचे पंखे मोजत होते. पंखा एकच होता.

मीराबाईंनी पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. मग लगेच सावरल्या, बाकावर पाय ठेवला आणि स्वतःच पट्टी सोडली.

"पोरी, ह्याचा फोटो काढ. एकोणतीस वर्षं उभी होते, रात्रभर ठणकतं, असं लिही. बाकी काही लिहू नकोस."

जखम बघून मेघनाचं हसू विरलं. तिने फोटो काढले, डॉक्टरांनी तातडीचा शेरा मारला आणि आठ दिवसांत मंजुरी आली. दोन्ही पायांचं लेझर झालं. महिना-दीड महिन्यात जखम भरली आणि मीराबाई मधे न थांबता तीन जिने चढल्या.

शेवटच्या तपासणीला गेल्यावर मेघनाने सगळे कागद परत दिले. मीराबाईंनी ते एकेक करून बघितले.

"आणि ती तीन पानं?"

"ती फाइलला लागली, आजी. आता ऑफिसची झाली."

"मला हवीत."

"नक्कल मिळेल. पण त्यासाठी अर्ज करावा लागेल."

सीतारामांचा हात झटकन खिशातल्या पेनाकडे गेला.

"इकडे द्या ते," मीराबाई म्हणाल्या. "मला ती याच जन्मात वाचायचीत!"