किटल्यांसकट मोजलेला ट्रॅक

धाकटीने सायकल मोजली ती सकाळी घाईघाईत, आणि सगळा घोळ तिथेच झाला! रस्ते विभागातली नवी इंजिनीअर, आयुष्यातलं पहिलंच काम: गजबजलेल्या मोठ्या रस्त्याच्या कडेने, खांब ठोकून वेगळा काढलेला सायकल ट्रॅक. गेल्या वर्षी याच रस्त्यावर एका टेंपोने तिच्या वडिलांना, आप्पांना, उडवलं होतं, कोपर मोडलं. आप्पा दूधवाले, सायकल सोडायला तयार नाहीत. म्हणजे ट्रॅक हवाच!

तर तिने रुंदी ठरवायला दारातली आप्पांची सायकल मोजली. दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या दुधाच्या किटल्यांसकट! कारण जन्मात तिने ती सायकल किटल्यांशिवाय पाहिलीच नव्हती. एक चाललेली, एक शेजारून पुढे जाणारी, अशा दोन सायकलींचे झाले अडीच मीटर. दोन किलोमीटर लोखंडी खांबही ठोकून झाले, मध्ये कुठे फट नाही.

"मॅडम, यात मोटार मावेल की!" मुकादम म्हणाला.

"मोटार कोण कशाला घालेल?"

कोण? मोठे साहेब! ते पाहणीला येणार होते. त्यांनी नाही म्हटलं की संध्याकाळी खांब उपटणार, आणि नाही म्हणायचं ते घरूनच ठरवून निघालेले. रस्ता तुंबलेला, शेजारी एक पिवळी बस अडकलेली, त्यात उशीर. ड्रायव्हरला शेजारी मोकळी वाट दिसली, घातली गाडी! आणि पुढे कोण? आप्पा. किटल्या भरलेल्या, चाल गोगलगाईची.

हॉर्न, हॉर्न, हॉर्न! शेवटी साहेबांनी काचेतून मुंडकं काढलं. "ओ काका, बाजूला व्हा!"

"कुठं होऊ? लेकीनं जागाच ठेवली नाही!"

"मग जोरात हाणा!"

"दूध हिंदकळतंय. तुम्हीच घ्या की मागे."

मागे? मागे शाळेच्या पोरींच्या दहा सायकली, सगळ्यांच्या घंटा टिणटिण टिणटिण!

धाकटी दुसऱ्या टोकाला फाइल छातीशी धरून उभी. बघते तर पुढे आप्पा, मागे साहेब, त्यामागे ही वरात. गेली नोकरी, गेला ट्रॅक, आता आप्पांचं दुसरं कोपरही जाणार!

साहेब उतरले, चेहरा लालभडक. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं. उशीर भरून निघाला होता! मग वळून रस्त्याकडे पाहिलं. त्यांच्या शेजारी अडकलेली ती पिवळी बस अजून दिसतही नव्हती.

"हे दूधवाले रोज इतक्या लवकर पोचतात?"

"आजच पोचले, साहेब," धाकटी रडवेली झाली. "माझे वडील आहेत."

साहेबांनी फाइल ओढली, सही ठोकली. "ट्रॅकच्या तोंडाशी मधोमध एक खांब लावा. माझा ड्रायव्हर पुन्हा शिरता कामा नये."

खांब लागला. पुढच्या सोमवारी आप्पा डुलत डुलत निघाले, तर मागून घंटा. "ओ काका, बाजूला व्हा!"

वळून बघतात तर नवीकोरी सायकल, डोक्याला हेल्मेट, हँडलला ऑफिसची बॅग. साहेब!

"या की शेजारून," आप्पा ऐटीत म्हणाले. "लेकीनं जागा ठेवलीय."