बबनरावांचा आफ्रिकेतला पक्ष

गेल्या महिन्यात वनखात्याचा माणूस आमच्या अवसरी गावात आला आणि शेजारच्या बबनरावांना त्याने साधा प्रश्न विचारला, "बाबा, बिबट्या कुठं दिसला?" बबनराव म्हणाले, "त्याला पक्षाच्या स्थापनेपास्नं सांगावं लागंल." त्यांच्या गोष्टीतला देश स्वतंत्र होईपर्यंत बिबट्या उसातून पार पलीकडच्या मळ्यात गेला होता.

मुलांनो, हा पक्ष इकडचा नव्हे. बबनराव तरुणपणी आफ्रिकेत एका सरकारी शेतीकेंद्रावर डिझेल इंजिनं दुरुस्त करायला गेले आणि बारा वर्षं राहिले. परक्यांचं राज्य घालवणारा, जमीन सगळ्यांची म्हणणारा तिथला समाजवादी पक्ष त्यांच्या डोक्यात शिरला, तो परतताना बरोबरच आला. शाळामास्तर, गोदीतले हमाल आणि कॉफी पिकवणारे शेतकरी एका पत्र्याच्या शेडमध्ये कसे एकत्र आले, हे आता गावाला पाठ आहे. दूध संस्थेच्या सभेत कोणी मतासाठी हात वर करायला सांगितलं, की बबनराव उठतात. "राव, आमच्याकडं हात मोजीत नसत. समद्यांचं पटंस्तवर बसायचं." हे ऐकल्यावर सगळ्यांचं लगेच पटतं. घरी जायची घाई असते.

हा इतिहास ते वह्यांमध्ये लिहितात. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून वह्या तपासायला माझ्याकडे येतात. मी त्यांना क्रमांक घातले आहेत. सहा वह्यांत स्थापना सहा वेळा, स्वातंत्र्य पाच वेळा. सामुदायिक शेती सक्तीची करावी का, यावरून पक्ष फुटला, तिथवर आले की बबनराव नवी वही उघडतात आणि पुन्हा पत्र्याच्या शेडपासून सुरुवात.

"बबनराव, पुढे काय झालं?"

"पुढचं लई अवघड हाय, बाई."

"इंग्रजी पुस्तकात असेल. मी सांगते, तुम्ही लिहा."

"पुस्तकात न्हाई ते."

मग एके सकाळी हळूहळू निघालं. पक्षाच्या सभेत बबनरावांना मत नव्हतं, किटली होती. चहाचं काम त्यांचं. जुमा हा त्यांचा जिवलग, एकाच खोलीत राहणारा. त्या दिवशी जुमा सक्तीच्या विरुद्ध बोलला आणि फुटणाऱ्यांबरोबर दाराशी जाऊन उभा राहिला.

"मी चहा देत गेलो. जुमानं कप पुढं केला, मी किटली दुसरीकडं वळवली. दोन दिसांनी तो गाव सोडून गेला. मंग तिकडं धरपकड झाली म्हणं. त्याचं काय झालं, न्हाई कळलं."

"इतक्या वर्षांत पत्र लिहून विचारलं नाहीत?"

"तो न्हाई, आसं उत्तर आलं तर?"

"आणि विचारलंच नाहीत, तर सातव्यांदा स्थापना लिहाल. मला तपासायला सांगू नका."

शेतीकेंद्राचा ईमेल मी मोबाईलवर शोधला आणि चार ओळी पाठवल्या. त्या दिवसापासून बबनराव डेअरीत दूध घालून येताना आमच्या फाटकाशी थांबत. विचारत काही नसत. मी नकारार्थी मान हलवली की पुढे जात. पक्षाबद्दल तर चकार शब्द नाही. दूध संस्थेच्या सभेत दोन तास भांडण चाललं आणि कोणी आफ्रिकेचं नाव काढलं नाही. चेअरमन मला विचारायला आले, "बाई, म्हाताऱ्याची तब्येत बरी हाय ना?"

विसाव्या दिवशी उत्तर आलं. जुमाच्या मुलीचं होतं; केंद्राने माझ्या ओळी तिच्यापर्यंत पोचवल्या होत्या. वडील तिच्याकडेच असतात, गुडघे दुखतात, शेजाऱ्यांशी दिवसभर बोलत बसतात. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते, पण बबनरावांचं लक्ष नव्हतं.

"बाई, कवाचं हाय हे?"

"कालचं."

"म्हंजी काल व्हता."

"आजही आहेत, बबनराव."

ते ओट्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे पाहत राहिले. मी आत जाऊन उगाचच भांडी लावली.

दुसऱ्या दिवशी सातवी वही आली. मी लाल पेन घेतलं. पहिल्याच पानावर पक्षफुटीचा अध्याय होता, तीन वाक्यांचा.

"पक्ष फुटला. त्या दिवशी मी जुमाला चहा दिला नाही. जुमा बरा आहे."