कादरचाचांची डावरी गाठ

टांग्यात बसण्याआधी कादरचाचा टांग्याला एक पूर्ण फेरी घालतात. चाक हलवून बघतात, घोड्याचा पट्टा ओढतात, टपाच्या कापडावर टिचकी मारून कान लावतात. नंदुरबार स्टेशनावरचे टांगेवाले त्यांना लांबून पाहिलं की घोड्याला पाणी पाजायला निघतात. कोणी हसलं तर चाचा आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवून शांतपणे सांगतात, "डोया खोटं बोलतस, भाऊ. बोट नई."

मी जुन्या मालाचा व्यापारी. हमालीपासून सुरुवात केली आणि दुकान जिभेच्या जोरावर उभं केलं. मालाभोवती फेरी घालणारा माणूस भाव पाडायला आलेला असतो, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून समोरच्या या डावखुऱ्या शिंप्यावर माझी पहिल्यापासून नजर.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत ते लष्कराच्या विमानतळावर होते. तिथल्या हलक्या विमानांच्या पंखांना कापड असे, ते चाचा शिवत. त्या जातीच्या विमानाचा इतिहास ते आपल्या कुळाचा सांगावा तसा सांगत. आधी ते शिकाऊ पोरांचं. पुढे गुरुजी, मागे चेला, दोघांच्या हातात एकेक दांडा. लढाई वाढली तसं तेच टपाल आणि साहेबलोक पोचवू लागलं. कापणी झालेल्या शेतातही उतरे. गोष्ट मात्र दर वेळी एकाच जागी थांबायची. एका सकाळी त्यांनी फाटल्या पंखाला घाईत, हाताशी होतं ते निळं ठिगळ लावलं. नुकताच शिकून तयार झालेला एक पोरगेला पायलट ते विमान घेऊन गेला, तो संध्याकाळपर्यंत परतला नाही. दुसऱ्या दिवशी चाचांची बदली झाली. आपला टाका सुटला की काय, हे त्यांना कधी कळलंच नाही.

मी मनात म्हणे, गिऱ्हाईक हळवं करायची युक्ती चांगली आहे.

लढाई संपल्यावर लष्करी लिलावात मी तसलंच एक विमान घेतलं. इंजीन नव्हतं. पंख सुटे करून रेल्वेच्या वाघिणीतून आणलं आणि वखारीत ठेवलं. चाकं, लाकूड, कापड वेगवेगळं विकायचा बेत होता. नवापूरकडचा एक शेतकरी कापड बघायला आला. सौदा अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात चाचा आले, फेरी घातली, टिचकी मारली आणि त्याच्यादेखत म्हणाले, "कपडा सडेल शे." शेतकरी निघून गेला. त्यावर मी चाचांना भर बाजारात जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा राग तर अजूनही गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर स्वारी पुन्हा वखारीत. पंखावरच्या एका निळ्या ठिगळाची पट्टी नखाने उचलत होते. आत सोनंबिनं असणार, त्यासाठीच काल गिऱ्हाईक पळवलं, असं माझ्या मनात आलं. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी सोडवून घेतलं नाही. पट्टीखाली दोऱ्याच्या गाठींची रांग होती, आणि प्रत्येक गाठीचा वळसा उलटा. डावऱ्या हाताचा.

"मन्ही गाठ शे," ते म्हणाले. "सुटनी नई."

मग पट्टी अंगठ्याने दाबून बसवत त्यांनी विचारलं, "मंग पोऱ्या उतरना व्हई का?"

मला काय ठाऊक? पण माल कुठून कुठे जातो, एवढं मला कळतं. मी म्हणालो, "चाचा, जंगलमा पडेल इमान लिलावमा कोन आनस? धड उतरनं म्हनीसन तं लिलावमा उनं."

बोललो, आणि सवयीने तेच वाक्य मनात उलटंपालटं करून तपासलं. खोट सापडली नाही.

चाचा घरी गेले आणि एक खाकी कोट घेऊन आले. त्या पोराने बटण लावायला दिलेला. बटण केव्हाच लावून झालं होतं, गावाकडचा पत्ताही होता. पण पार्सल त्याच्या आईने एकटीने उघडलं तर, या भीतीने कोट पेटीतच राहिला होता. माझ्याकडून त्यांनी मांजरपाट मागून घेतलं आणि पंखाच्या सावलीत बसून पार्सल शिवायला घेतलं. शेवटची बाजू उघडी ठेवून मला म्हणाले, चार ओळींची चिठ्ठी लिहून द्या.

काय लिहू, मी विचारलं.

"लिखा, पोऱ्या, कोट आते तंग व्हई. इकडे ये, मी ढिला करी दिसू."