सुगंधाबाई कासारणीनें ओस पेठ वसविली, ती हकीकत

श्रीगजवदन आणि ग्रामदेवता यांस दंडवत करोन, जैसें घडलें तैसें धन्यांचे चरणीं लिहिलें ऐसीजे. शके १९४५, शोभन नाम संवत्सरीं, एका नदीकांठच्या नगरांत कासारपेठ म्हणोन जुनी पेठ होती. पूर्वीं तिचा थाट बहुत. पुढें नगराबाहेरून हमरस्ता गेला, तेथें कांचेचे बाजार उभे राहिले, आणि गिऱ्हाईक तिकडे वळलें, मग दुकानदारही वळले, आणि पेठेंत कुलुपें तेवढीं उरलीं. त्यांत सुगंधाबाई कासारीण बांगड्यांचें दुकान राखोन होती. तिचा पुत्र मधुकर बोलिला, "आई, दिवाळी होऊं दे, मग टेंपो आणतों आणि दुकान नव्या बाजारांत हलवूं. इथें कुणाची वाट बघतेस?" बाई बांगड्यांवरची धूळ पुसों लागली. पैक्यापरीस तीस बोलण्याची भूक भारी. बांगड्या भरतां भरतां साऱ्या नगराचीं सुखदुःखें तिचे कानीं येत, तें बंद जाहालें, आणि नव्या बाजारांत तर बाया आपणच डबी उचलोन चालत्या होतात, कासारणीपुढें हात कोणी धरीत नाहीं, ऐसें ऐकोन तिचा जीव तुटे.

मग एके सकाळीं बाईनें मनसुबा केला आणि दुकानासमोर लिंबाखालीं सडा घातला, घरचें बाकडें ओढोन आणिलें आणि गार पाण्याचा माठ मांडिला. शेजारचे उस्मानचाचा अत्तरवाले हसोन बोलिले, "बाई, बाकड्यानं कुठं पेठ वसते?" बाई बोलिली, "न वसो. तुम्ही तर बसा." चाचा बसले, आणि दुसरे दिवशीं आपलीही खुर्ची घेऊन आले. मग भाजीवाली टोपली टेकावयास थांबली ती तेथेंच विकूं लागली, आणि ब्यांडांतले जनार्दनराव, ज्यांच्या क्लॅरनेटास घरीं सून कंटाळली होती, ते लिंबाखालीं रियाजास येऊं लागले. सूर ऐकोन माणसें आलीं, माणसें पाहोन वड्यांची कढई आली, आणि शाळेच्या मुलींनीं बंद दारांवर मोर चितारिले, तें पाहोन एका दुकानदारानें लाजोन आपलें दार उघडिलें.

हें वर्तमान नगराचे मुख्याधिकारी यांस पावलें, तेव्हां स्वारी जीपसह चालोन आली आणि हुकूम जाहाला, "रस्ता अडलाय. बाकडं उचला." क्लॅरनेट थांबलें, चाचांचा चेहरा उतरला. ते समयीं बाई एका नवरीचा चुडा भरीत होती. ती नवरीचा हात न सोडितां बोलिली, "उचलते, साहेब. पण एक हात भरलाय, एक मोकळा; नवरीला असं उठवूं नये. तंवर आपण बसावं." साहेब नाइलाजें बसले. बाईनें दुसरा हात मुद्दाम सावकाश भरिला. मग चाचांनीं साहेबांचे मनगटास हिना अत्तर लाविलें, कढईंतून ऊन वडा आला, आणि जनार्दनरावांनीं हळूच सूर धरिला, तों साहेबांचे डोळे मिटले. इतक्यांत एक मोटार भोंगा वाजवीत मधेंच घुसली, आणि साहेब खवळोन शिपायास बोलिले, "अरे, ही गाडी आत कुणी सोडली? संध्याकाळी या पेठेत गाड्या बंद करा!" मग आपल्याच बोलण्यास आपण हसले, आणि पेठ हसली, आणि नवरी इतकी हसली कीं बांगडी पिचतां पिचतां वांचली. बाकडें राहिलें.

पुढें दिवाळी जाहाली आणि मधुकर कबूल केल्याप्रमाणें टेंपो घेऊन आला, तो पेठेचे तोंडाशींच अडकला, इतकी दाटी. पायीं आत शिरला तों आईभोवतीं बायांचा गराडा. "आई, सामान न्यायला आलोय." बाई मान वर न करितां बोलिली, "ते राहूं दे. आधी ती हिरव्या बांगड्यांची पेटी काढ, मावशी कधीच्या थांबल्यात." मधुकरानें बाह्या सारिल्या आणि पेटी काढिली. टेंपो रिकामा माघारा गेला.

ऐसी पेठ वसली. उघडीं दुकानें बहुत, बंद थोडीं, आणि बाकडीं आतां जागोजाग. सुगंधाबाईचा घसा हल्लीं बोलबोलोन सांजेस बसतो, आणि यापरतें सुख तीस ठाऊक नाहीं. इतकेंच वर्तमान, लेखणी खालीं ठेविली.