क्लचप्रमुख

फणसवाडीतल्या कमलाकांत कोठाऱ्यांना मोटार घ्यायची होती, आणि तीही बिनक्लचची. त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. पत्नी राजलक्ष्मीबाईंची आई तिकडे माटुंग्याला अंथरुणाला खिळली होती आणि रोज संध्याकाळी लेकीची वाट पाहत होती. मायदेशी निघालेल्या एका साहेबाची अमेरिकन गाडी विकाऊ होती; ती आपले गिअर आपणच बदलायची, चालवायला उजवा पाय पुरायचा. गोष्ट इथेच संपायची. पण कमलाकांत भला माणूस, त्यांनी वाडीत विचारलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. वाडीला ठरावांची इतकी सवय जडली होती की नळाला पाणी आलं नाही तरी आधी निषेध मंजूर व्हायचा, मग बादली उचलली जायची. रीतसर मोटार-समिती नेमली गेली. तिच्यातल्या एकालाही गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे तिच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका उरली नाही.

"आपोआप गिअर?" चिटणीस रमाकांत उसळला. "म्हणजे गिअर कधी बदलायचा ते दिल्लीनं ठरवायचं आणि आपण नुसतं बसायचं? काका, याचसाठी आपण लाठ्या खाल्ल्या?"

रमाकांतने लाठी खाल्ली नव्हती. त्या दिवशी त्याला ताप होता. तरी टाळ्या पडल्या.

"अरे, पण माझा गुडघा..."

"गुडघा ही वैयक्तिक बाब आहे, काका."

गिअरची एक जुनी विलायती गाडी बहुमताने मंजूर झाली. ती इंग्रजांनी बनवलीय, असं कुणीतरी निदर्शनास आणलं. पण तिचे गिअर मराठी हात बदलणार, असा खुलासा करण्यात आला.

गाडी आली. पहिल्यांदा क्लच दाबताच कमलाकांत असे किंचाळले की समितीला तातडीची बैठक घ्यावी लागली. चूक मान्य करणं घटनेत बसत नव्हतं. तेव्हा काकांनी गाडी चालवावी आणि शेजारी बसून तंगडी लांबवून क्लच दाबायला क्लचप्रमुख असावा, असं ठरलं. रमाकांतची निवड बिनविरोध झाली. मागे देखरेखीला दोन सभासद बसले, आणि त्यांच्या मधोमध पेजेचा डबा मांडीवर घेऊन राजलक्ष्मीबाई.

"क्लच!" कमलाकांत ओरडले.

"कारण?"

"अरे, दुसरा टाकायचाय!"

"आत्ताच तर पहिला टाकलात. थांबा, मत घेतो."

ठाकूरद्वारपर्यंत गाडी पहिल्यातच कण्हत गेली. तिथे एक मत बाजूने, एक विरुद्ध पडलं. निर्णायक मत रमाकांतचं होतं, पण तेवढ्यात समोरून मोर्चा आला आणि "आलोच!" म्हणत क्लचप्रमुख पायासकट उतरला. देखरेखही त्याच्यामागे गेली. कमलाकांतांनी ब्रेक दाबला, पण क्लच दाबायला कुणी उरलं नव्हतं; गाडीने दोन आचके दिले आणि भर रस्त्यात डोळे मिटले.

"अहो, तुम्ही बसा मतं मोजत," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "आई तिथे दाराकडे डोळे लावून पडलीय." डबा छातीशी धरून त्या गर्दीतून वाट काढत बस शोधायला निघून गेल्या.

कमलाकांत गुडघा चोळत बसून राहिले. गाडीभोवती माणसं जमली. कुणी म्हणालं, बॅटरी गेली. कुणी म्हणालं, पेट्रोलात खोट आहे. एकाने तर ही जातच वाईट असल्याचं सांगितलं.

वाचकहो, तुम्हीही तिथेच उभे आहात. 'यांनी सरळ ती अमेरिकन घ्यायला हवी होती,' हे मत तुम्ही मघाशीच देऊन टाकलंत. धक्का मारायला मात्र अजून कुणी पुढे आलेलं नाही.