शेऱ्याच्या रकान्याबाबत

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता जावकरावांनी संगणक सुरू केला, तर त्यांचा रकाना जागेवर नव्हता.

आधी त्यांना वाटलं, आपण चष्मा विसरलो. चष्मा नाकावरच होता. मग वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या टेबलाशी बसलो. पण खुर्चीचा डावा हात नेहमीसारखाच डुगडुगत होता, म्हणजे खुर्ची आपलीच. पडद्यावर मात्र सगळं परकं. जिथे वर्षानुवर्षं रेघांचा भरगच्च तक्ता होता, तिथे गुळगुळीत कोपऱ्यांचे पांढरे चौकोन तरंगत होते, आणि मधोमध लिहिलं होतं : ‘नव्या रूपात आपलं स्वागत!’

“कुणी सांगितलं होतं यांना रूप बदलायला?” जावकराव पुटपुटले.

जावकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीतून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र नोंदवून रवाना करायचं, हे काम बावीस वर्षं केल्यावर माणसाचं नाव टेबलाला चिकटतं की टेबलाचं माणसाला, हे सांगणं कठीण. संगणकात त्यांची ओळख ‘जावक-सात’ अशी होती. त्यांनी पाठवलेली पत्रं अडीच तासांवरच्या मुख्य कचेरीत पोचत आणि तिथल्या आवक टेबलावर ‘आवक-तीन’ त्यांची पोच त्याच तक्त्यात, त्याच ओळीत भरत. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अरुंद रकाना होता. शेरा. तो कुणी भरत नसे आणि कुणी वाचतही नसे.

अकरा वर्षांपूर्वी एकदा आवक-तीननं त्यात लिहिलं, ‘पाकीट उघडे मिळाले.’ जावकरावांनी लिहिलं, ‘क्षमस्व. इकडचा गोंद संपला आहे.’ उलट शेरा आला, ‘इकडे दोन बाटल्या पडून आहेत, पण पाठवणार कशा? आवक टेबलावरून बाहेर काहीच जात नाही!’ जावकराव त्या दिवशी एकटेच हसले. त्यानंतर दिवसाला पंधरा पत्रं, म्हणजे पंधरा ओळी, म्हणजे पंधरा शेरे. ‘खोकला कसा आहे?’ ‘बरा. तुमच्या खिडकीबाहेरचं झाड तोडलं का?’ ‘नुसतं छाटलं.’ ‘हुश्श.’ आवक-तीन बाई आहेत, एकट्या राहतात, चहा फार गोड पितात, एवढं जावकरावांना ठाऊक होतं. नाव ठाऊक नव्हतं, चेहरा ठाऊक नव्हता, आवाजही नाही. अकरा वर्षांत विचारायचं धाडस झालं नाही आणि पुढे पुढे तर एवढ्या ओळखीच्या माणसाला नाव विचारायचं म्हणजे अपमानच वाटू लागला.

आणि गेल्या शुक्रवारी शेवटच्या पत्रापुढे तिनं लिहिलं होतं : ‘एक विचारायचं आहे. तुम्ही सांगाल तसं करीन. सोमवारी लिहिते.’

शनिवार-रविवार जावकरावांनी कसे काढले, ते त्यांनाच माहीत. दोन दिवसांत दोनदा दाढी केली. आता सोमवार आला होता आणि रकाना गेला होता.

त्यांनी मदतकक्षाला फोन लावला. पलीकडून एका मुलीचा उत्साही आवाज आला.

“काका, तो रकाना कुणी वापरतच नव्हतं. अख्ख्या खात्यात फक्त दोनच टेबलांवरून भरला जायचा. म्हणून काढून टाकला. आता कसं मोकळं मोकळं दिसतं ना?”

“घरातलं सामान बाहेर काढलं की घर मोकळं दिसतंच, बाई. जुने शेरे तरी कुठे आहेत?”

“असतील कुठेतरी. नवीन रूप कसं वाटलं? एक ते पाच तारे द्या ना.”

जावकरावांनी तारे दिले नाहीत. त्यांना भरदिवसा पुरेसे दिसत होते.

मुख्य कचेरीला फोन करावा, तर आवक विभागात एकच फोन आणि तो तिथल्या साहेबांच्या टेबलावर. तरी मनाचा हिय्या करून त्यांनी तोही लावला. “कोण बोलतंय?” असा जाड आवाज आला. “चुकून लागला,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, तो दोन्ही हातांनी.

संध्याकाळी घरी ताईनं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीनं, ताटाकडे पाहिलं. “भाजीत मीठ घालायचं राहिलंय, आणि तू मुकाट्यानं जेवतोयस. कोण गेलं?”

“रकाना,” जावकराव म्हणाले. ताईनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मंगळवारी जावकरावांनी निश्चय केला. रकाना लपवला असेल, मारला तर नसेल! पडद्यावरचं प्रत्येक चित्र दाबून पाहायचं. त्यांनी दातेरी चाक दाबलं, तेव्हा अक्षरं एवढी मोठी झाली की पडद्यावर एका वेळी दीडच शब्द मावू लागला. घंटा दाबली, तेव्हा पडदा काळा झाला. तीन ठिपके दाबले, तेव्हा आणखी तीन ठिपके आले. आणि मग त्यांनी कर्ण्याचं चित्र दाबलं.

संगणक बाईच्या खणखणीत आवाजात बोलू लागला. समोर उघडं होतं ते साहेबांचं गोपनीय पत्र.

“भांडारपाल. यांचे. काम. समाधानकारक. नाही,” संगणक म्हणाला. “ते. दुपारी. झोपतात.”

पलीकडच्या टेबलावर भांडारपाल झोपलेले होते, ते जागे झाले. “कोण म्हणतं मी झोपतो?”

“स्वभाव. चिडका. आहे,” संगणक म्हणाला.

“चिडका?” भांडारपाल फायली आपटत उभे राहिले. जावकराव आवाज बंद करायचं चित्र शोधू लागले, पण अक्षरं दीडच शब्द मावेल एवढी झालेली, त्यात ते चित्र पडद्याबाहेर गेलेलं. शेवटी त्यांनी संगणकावर स्वतःचा स्वेटर टाकला. स्वेटराआडून संगणक सांगत राहिला की भांडारपालांची बदली व्हावी. सगळी कचेरी कान देऊन ऐकत होती. इतकी एकचित्त ती साहेबांच्या भाषणालाही कधी झाली नव्हती.

साहेबांनी जावकरावांना आत बोलावलं. “यापुढे एकाही नव्या चित्राला बोट लावायचं नाही. पत्र नोंदवा, रवाना करा, बस्स. समजलं?”

“समजलं, साहेब.”

म्हणजे रस्ते सगळे बंद. उरलं काय? पत्र. बावीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं रवाना करणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःचं पत्र पाठवायचं होतं. चिठ्ठी लिहून पाकिटात सरकवावी, तर तिथे पाकिटं फोडतो शिपाई. पत्र रीतसर हवं. आणि रीतसर म्हटलं की जावकरावांच्या हातून एकच भाषा उतरे. त्यांनी लिहिलं :

‘विषय : शेऱ्याच्या रकान्याबाबत. आवक-तीन यांनी गेल्या शुक्रवारी नोंदवलेला शेरा अपूर्ण असून त्याअभावी इकडील काम पूर्णपणे ठप्प आहे. तरी त्याबाबत तात्काळ खुलासा व्हावा, ही विनंती.’

लिहून झाल्यावर त्यांनी ते तीनदा वाचलं. ‘पूर्णपणे ठप्प’ या शब्दांपाशी त्यांचे डोळे भरून आले. एवढं मोकळं मन त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

साहेबांची मंजुरी कशी मिळवायची, हा प्रश्न नव्या रूपानंच सोडवला. दुपारी साहेबांनी त्यांना हाक मारली. “अहो, आता सही कुठे करायची हो यात? सकाळपासून शोधतोय.”

“नव्या चित्राला बोट लावायचं नाही, असं ठरलंय साहेब.”

“माझं लावा, माझं!”

जावकरावांनी साहेबांचं बोट धरलं आणि ‘सर्वांना मंजुरी’वर टेकवलं. एकोणीस पत्रं एका दमात मंजूर झाली. त्यातलं सोळावं जावकरावांचं होतं.

बुधवार वाट पाहण्यात गेला. गुरुवारी उत्तर आलं आणि ते थेट साहेबांच्या नावानं आलं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. “‘आपल्या कार्यालयाचे काम ठप्प झाल्याची गंभीर दखल घेण्यात आली आहे. आवक-तीन यांच्याकडून लेखी खुलासा मागवला आहे. संबंधित तक्रारदार कर्मचाऱ्याने शुक्रवारी अकरा वाजता समक्ष हजर राहावे.’ जावकराव, आपलं काम ठप्प झालंय? मला कसं कळलं नाही?”

जावकरावांना फक्त एकच शब्द ऐकू आला होता. तक्रारदार.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच! जिच्या एका ओळीसाठी आपण आठवडाभर तडफडलो, तिच्याच हातात आपण खुलाशाची नोटीस ठेवली. शुक्रवारी पहिल्या बसनं जाताना अडीच तास ते मनातल्या मनात माफी लिहीत होते आणि खोडत होते. प्रत्येक माफी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’नं सुरू होत होती.

मुख्य कचेरीत समक्ष हजेरीही आवक विभागाच्या खिडकीवरच नोंदवायची होती; तिथे एकच खिडकी उघडी होती आणि रांग दारापर्यंत आली होती. ती पुढे सरकतच नव्हती. पाऊण तासानं जावकराव खिडकीशी पोचले, तेव्हा कारण कळलं. काचेमागे पन्नाशीच्या एक बाई कपाळावर चष्मा चढवून पडद्याकडे, एखाद्या आगाऊ भाडेकरूकडे पाहावं, तशा पाहत होत्या.

“थांबावं लागेल,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “हे पुन्हा काळं झालं.”

“घंटेला बोट लागलं असेल. पुन्हा तिथेच दाबा,” जावकराव म्हणाले.

पडदा उजळला. “आणि आता अक्षरं मोठी झाली!”

“दातेरी चाक. त्यात खालून दुसरं. हां. कर्ण्याला मात्र हात लावू नका, माणसं उठतात.”

एक रकाना शोधता शोधता जावकरावांनी त्या नव्या रूपाचा कोपरा न् कोपरा पालथा घातला होता. ज्याला ते पाण्यात पाहत होते, त्याचा त्यांच्याइतका जाणकार आता अख्ख्या खात्यात नव्हता. बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं.

“तुम्हाला बरं येतं हे सगळं. मला नाही जमणार. हे येणार असं कळलं, तेव्हाच ठरवलं होतं की मुदतीआधी निवृत्ती घ्यावी. फक्त एका माणसाला विचारायचं होतं, जाऊ की राहू म्हणून. तो म्हणेल तसं केलं असतं.” त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. निवृत्तीचा अर्ज होता. “तर त्यानं माझीच तक्रार केली. अकरा वर्षं मी त्याचा खोकला विचारला हो! आज हा कागद वर जाईल. बोला, कुठल्या कचेरीतून आलात?”

हाच तो आवाज. जावकरावांनी तो अकरा वर्षं मनात जरा बारीक धरला होता. मागे रांगेतून कुणीतरी खाकरलं.

“जावक-सात,” ते म्हणाले.

बाईंचं बोट बटणावर तसंच राहिलं. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतला आणि काचेतून जावकरावांकडे बराच वेळ पाहिलं.

“तक्रार नव्हती ती,” जावकराव घाईघाईनं म्हणाले. “मला दुसऱ्या तऱ्हेनं लिहिताच येत नाही. काम खरंच ठप्प होतं. म्हणजे, पत्रं जात होती. मीच ठप्प होतो.”

एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. बाई हळू आवाजात म्हणाल्या, “खोकला अजून आहे वाटतं.”

“तो पाऊण तास रांगेत उभं राहिल्यामुळे.”

“मग सांगा आता. जाऊ की राहू?”

पंधरा शेरे रोज सहज लिहिणाऱ्या माणसाला समोरासमोर एक वाक्य जुळवता येईना. राहा म्हणावं, तर हा पडदा तिला रोज छळणार. जा म्हणावं, तर उद्यापासून आपली पत्रं घेणार कोण? रांग आता उघडपणे कुरकुरू लागली होती.

“राहायचं तर राहा,” जावकराव शेवटी म्हणाले. “जायचं तर खुशाल जा. पण जाणार असाल तर आधी घरचा पत्ता द्या. पत्त्याशिवाय मला काहीच पाठवता येत नाही.”

बाईंनी तो अर्ज उलटा केला, पाठच्या कोऱ्या बाजूवर सावकाश चार ओळी लिहिल्या आणि कागद खिडकीखालून बाहेर सरकवला.

“अहो, पण अर्ज?” जावकरावांनी विचारलं. “हा तर आज वर जायचा होता ना?”

“तो आता जावकला गेला,” बाई म्हणाल्या आणि मान बाजूला करून रांगेला म्हणाल्या, “पुढचे कोण?”